फळ्यावरची चिंधी

ठमी कामावर आली त्या दिवशी तिच्यासाठी बिल्ला नव्हता.

बोईसरच्या एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना उभा राहत होता. सत्त्याऐंशी साल असेल. शेड झाल्या होत्या, पत्रे चढले होते आणि मागच्या अंगाला जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी बांधून तयार होती. टाकी म्हणजे एकामागे एक अशा सिमेंटच्या तीन खोल्याच. मधल्या भिंतींना तळाशी माणूस रांगत जाईल एवढी भोकं ठेवलेली, आणि अगदी वर, स्लॅबच्या खाली, हवेसाठी हातभर रुंदीच्या फटी. उतरायची वाट एकच, पहिल्या खोलीवरचं तोंड. बाकी दोन तोंडांवर सिमेंटची झाकणं बसवली होती आणि जागा नाही म्हणून त्यांच्यावर रेतीचे ढीग टाकले होते. आत सेंट्रिंगची फळकुटं, खिळे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे पडलेले. ते घमेल्यात भरून बाहेर द्यायचं काम बायकांचं.

त्या बायकांत मंजुळा सगळ्यांत जुनी. माहेर तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर, मासेमारीवर जगणारं. सासर जवळच्याच पाम गावात. नवरा दामू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, दिवसच्या दिवस समुद्रात. रिकाम्या घरात वाऱ्याचा अंदाज घेत बसण्यापेक्षा काम बरं, म्हणून ती बांधकामावर यायला लागली ती लागलीच.

टाकीच्या तोंडाशी एक लाकडी फळा ठोकलेला होता. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं, 'आत माणसे आहेत'. खाली खिळ्यांची ओळ. प्रत्येक कामगाराला नंबर ठोकलेला पितळेचा बिल्ला दिलेला. आत उतरताना तो खिळ्याला अडकवायचा, वर आलं की काढून पुन्हा गळ्यात घालायचा. पलीकडेच पाण्याच्या पाइपाचा व्हॉल्व होता आणि त्याच्या चाकाला तारेने एक लाल पत्रा बांधलेला होता, 'उघडू नये'. फळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी पत्रा सोडायचा नाही, असा नियम. आदल्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा साईटवर टाकीत माणूस दगावला, तेव्हापासून इथल्या कंत्राटदाराने हे चालू केलं होतं. फळ्याजवळ बसून लक्ष ठेवायला वामन होता, शेजारच्याच गावचा, वयाने उतरलेला, सांधे दुखतात म्हणून बसायचं काम दिलेला.

"मी काय लावू?" ठमीने विचारलं.

ती जव्हारकडच्या डोंगरातली. शेतीचं काम आटोपल्यावर नवऱ्याबरोबर, जिव्याबरोबर, मजुरीला आली होती. दोघं आदल्या संध्याकाळी उतरली होती. अंगाने लहानखुरी, बोलायला घाबरणारी.

मुकादम रामकिसन हातातली शिट्टी फिरवत म्हणाला, "तुझा नंबर उद्या बनेल. आज असंच चालव."

"असंच कसं?" मंजुळा म्हणाली. "कायतरी लावायला पायजे ना. नायतर वामनभाऊला कसं कळेल ही आत हाय का भायेर?"

"तर लाव कायपण," रामकिसन म्हणाला आणि गेला.

मंजुळाने ठमीच्या लुगड्याचा फाटका काठ बोटाला गुंडाळून ओढला. निळ्या रंगाची वीतभर चिंधी निघाली. ती तिने शेवटच्या खिळ्याला गाठ मारून बांधली.

"ही ठमी," वामन म्हणाला. "राहील ध्यानात."

सकाळ कामात गेली. आत वायरीला लटकवलेला एक दिवा होता, त्याच्या उजेडात बायका वाकून वाकून खरवडत होत्या. ठमी सगळ्यांत बारीक, भोकातून सहज जाते म्हणून तिला शेवटच्या खोलीत घातलं होतं. ती भरलेलं घमेलं भोकातून सरकवायची, मधल्या खोलीतली बाई ते पुढे ढकलायची. ओल्या सिमेंटचा वास नाकात बसला होता. बोललं की आवाज भिंतींना आपटून परत यायचा, म्हणून कोणी फारसं बोलत नव्हतं.

दुपारच्या आधी रामकिसन तोंडावर वाकून ओरडला, "मंजुळा, वर ये. फाटकाजवळचा रस्ता झाडायचा हाय. मुंबईचे साहेब येणार."

मंजुळा वर आली, बिल्ला गळ्यात घातला आणि झाडू घेऊन फाटकाकडे गेली. फाटक साईटच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे तिने रस्ता झाडला, पाणी मारलं, पाहुण्यांची पांढरी गाडी आत गेलेली पाहिली. गाडीमागे उडालेली धूळ बसल्यावर पुन्हा थोडं झाडलं. मग भाकरीचं फडकं आणायला टाकीकडे निघाली.

लांबूनच तिला पाण्याचा आवाज आला.

तोंडाशी साईटचे इंजिनिअर साहेब उभे होते आणि त्यांच्याबरोबर मुंबईचे तिघे. इंजिनिअर तरुण, सारखे रुमालाने मान पुसणारे. ते हात हलवून काहीतरी समजावत होते आणि पाहुणे वाकून आत बघत होते. व्हॉल्वचा लाल पत्रा सोडून बाजूला ठेवला होता. पाइपातून पाणी टाकीत कोसळत होतं.

मंजुळाची नजर फळ्यावर गेली. फळा मोकळा होता. बिल्ले नव्हते, तसा निळा रंगही कुठे नव्हता.

म्हणजे ठमी वर आली, तिने मनात म्हटलं. बायका शेडच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. ती तिकडे गेली. जमुना, नवसी, बाकीच्या सगळ्या होत्या.

"ठमी कुठंय?"

"तुज्याबरोबर नाय गेली?" जमुना म्हणाली. "साहेब आले म्हनून आमाला घाईघाईनं वर काढलं. ती मागं होती."

"मागं म्हंजे?"

"मागं. मुकादम तिला आत काय तरी सांगत होता."

"मग नवऱ्याकडं गेली असंल," नवसी म्हणाली.

मंजुळा विटांच्या रचलेल्या चट्ट्याकडे गेली. आता ती चालत नव्हती, अर्धवट पळत होती. जिव्या विटेवर बसून मिरचीबरोबर भाकर खात होता. तिला पाहून तो उठला.

"ठमी आली काय इकडं?"

"नाय," तो म्हणाला. "ती टाकीत हाय ना?"

मंजुळा वळली आणि टाकीकडे पळत सुटली, आणि पळताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती : ते भोक. तळाशी असलेलं भोक. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की ते बुडणार आणि शेवटच्या खोलीतून बाहेर यायची वाट बंद होणार. ठमी डोंगरातली. ओढ्यापेक्षा खोल पाणी तिने पाहिलेलं नसेल.

"साहेब," ती म्हणाली, "पानी बंद करा. आत बाई हाय."

इंजिनिअर साहेबांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोण बाई?"

"नवी हाय. ठमी. शेवटच्या खोलीत होती."

"फळा मोकळा आहे," ते म्हणाले. "सगळे बिल्ले निघालेत. मी स्वतः बघूनच पत्रा सोडला."

"तिला बिल्ला नव्हता. चिंधी बांधली होती. निळी."

साहेबांचा रुमालाचा हात मानेवरच राहिला. "ती चिंधी?" ते हळू म्हणाले. "मला वाटलं कोणीतरी हात पुसून टांगलीय. पाहुणे येणार म्हणून मी काढून टाकली." मग लगेच आवाज चढवून म्हणाले, "पण मी हाक मारली होती. दोनदा मारली. आत कोणी आहे का म्हणून. कोणीही ओ दिली नाही. दिवा ओढून काढला तेव्हाही आवाज नाही आला. कोणी असतं तर बोललं नसतं का?"

मंजुळालाही क्षणभर वाटलं, खरंच, कोण गप्प बसेल?

तेवढ्यात वामन आला. त्याला पाहुण्यांसाठी थंड बाटल्या आणायला नाक्यावर पाठवलं होतं. त्याने व्हॉल्वकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि हातातला खोका जमिनीवर ठेवला. ठेवताना बाटल्या एकमेकींवर वाजल्या.

"वामनभाऊ, सांग यांना. ठमी वर आली का?"

"मी गेलो तवा चिंधी होती," वामन म्हणाला. तो साहेबांकडे न बघता बोलत होता. "मग मी नव्हतो. आली असंल. मी कसं सांगू?"

"मुकादमाला इचारा मग."

"रामकिसनला स्टेशनवर जेवण आणायला पाठवलंय," साहेब म्हणाले.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळात पाहिलं. दुसरा म्हणाला, काही अडचण आहे का. साहेब हसल्यासारखे झाले. मंजुळाला त्यांचा चेहरा जवळून दिसला आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस घाबरलेला आहे. आत बाई असेल तर काय, याला तो घाबरला होता, आणि नसेल आणि पाहुण्यांसमोर पाणी थांबवलं तर काय, यालाही.

"असं करू," ते म्हणाले. "आधी साईटवर नीट शोधा. शौचाला गेली असेल, झोपडीत गेली असेल. लाइनला दाब आत्ताच आहे, बंद केलं तर आज पुन्हा पाणी येणार नाही. तुम्ही शोधा, मी इथे आहे."

पाणी कोसळतच होतं. मंजुळाने वाकून तोंडातून आत पाहिलं. शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पाणी काळं होतं आणि त्यावर एक फळकूट गोल गोल फिरत होतं.

शोधायला साईट केवढी मोठी. झोपड्या फाटकाबाहेर. जाऊन येईपर्यंत पाणी छातीच्या वर जाईल. ठमीची छाती तर आणखी खाली.

आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. तिच्या बोलण्यावर हा माणूस चाक फिरवणार नव्हता. तो फळ्याकडे बघून चालणारा होता.

मंजुळाने गळ्यातला बिल्ला काढला आणि फळ्याच्या पहिल्याच खिळ्याला अडकवला.

"वामनभाऊ, बघ," ती म्हणाली. "मी आत चालली."

आणि पदर कमरेला खोचून ती शिडीवरून उतरायला लागली. वरून साहेबांचा आवाज आला, "अहो बाई, वेड लागलंय का, वर या." तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरली नसती.

पाणी पोटरीला लागलं, मांडीला लागलं. वरून पडणाऱ्या धारेचे थेंब तोंडावर येत होते. खाली पाय टेकला तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. आवाज इतका मोठा की आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नव्हती. लहानपणी ओहोटीला खडकांवर कालवं काढताना ती लाटेखाली जायची, श्वास धरून राहायची, पाण्याची भीती अशी तिला कधी नव्हती. पण त्या पाण्यावर आभाळ असायचं. कुठूनही डोकं वर काढलं की हवा. या पाण्यावर सिमेंटची स्लॅब होती. आणि वरच्या माणसाने पाणी बंद केलं नाही तर?

ती धारेपासून दूर, भिंतीला हात लावत सरकली. पायांना फळकुटं लागत होती, त्यातले खिळे टोचत होते. मधल्या भिंतीपाशी आली आणि पायाने भोक चाचपलं. ते पाण्याखाली होतं, पूर्ण. तिथे ती थांबली. मागे वळून पाहिलं तर तोंडातून पडणारा उजेड अजून दिसत होता. शिडी दिसत होती. अजूनही परत जाता येत होतं.

मग एकदम आवाज थांबला.

धार बारीक झाली, तुटली, थेंब थेंब पडायला लागले. वामनने चाक फिरवलं की साहेबांनी, तिला कळलं नाही. पण पाणी बंद झालं होतं.

शांततेत तिने हाक मारली. "ठमी."

आवाज खोल्यांतून फिरून परत आला. दुसरं काही नाही.

"ठमी, मी मंजुळा हाय."

काही नाही. मंजुळाला त्या शांततेची पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. आत कोणीच नसेल, अशी तिने आशा केली. मग आत असेल आणि बोलत नसेल, म्हणजे काय झालं असेल, हेही मनात आलं. तिने नाक दाबलं, खाली बसली आणि भोकातून पलीकडे गेली.

मधल्या खोलीत उजेड नावालाही नव्हता. डोळे उघडे की मिटलेले हे समजत नव्हतं. ती हात पसरून चालली. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता पायाला काहीतरी मऊ लागेल. एकदा लागलं. ती ओरडली. सिमेंटची ओली गोणी होती. ती गोणी तिने पायाने बाजूला सारली. मग पुढची भिंत सापडली, भोक सापडलं, आणि ती पुन्हा खाली गेली.

शेवटच्या खोलीत डोकं वर काढलं तेव्हा तिला श्वास ऐकू आला. तिचा नव्हता. बारीक, भराभर, कुत्र्यासारखा.

"ठमी?"

हाताला कापड लागलं आणि त्याच क्षणी दोन हातांनी तिची मान धरली. इतकी घट्ट की दोघी पाण्यात जाता जाता राहिल्या. ठमी कोपऱ्यात घमेल्यांच्या चळतीवर उभी होती. चळत डगमगत होती. तिचं अंग थंडगार पडलं होतं. ती काहीतरी बोलत होती पण नुसती हवा बाहेर येत होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"झालं, आता झालं," मंजुळा म्हणाली. "पानी बंद हाय. चल. खाली बसायचं, नाक दाबायचं आनि मी ओढीन तशी यायचं. दोनच भोकं हायत."

ठमीने नाही म्हणून मान हलवली. अंधारात दिसलं नाही, पण मंजुळाच्या गालावर तिचं डोकं इकडून तिकडे घासलं.

"मग मी जाऊन मानसं आणते."

मानेवरची पकड आणखी आवळली. मंजुळाने बोटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाहीत. मग तिने प्रयत्न सोडला. तिलाही आता त्या दोन भोकांतून पुन्हा एकटीने जायचं नव्हतं, हे तिला कळून चुकलं.

ती घमेल्यांना टेकून उभी राहिली आणि वर तोंड करून ओरडू लागली. हवेच्या फटीतून आवाज जाईल असं वाटलं. "शेवटच्या खोलीत हाय आमी. रेती काढा." ओरडायची, थांबायची, ऐकायची. वरून काहीच नाही. स्लॅब जाड, त्यावर रेती. आपण इथे आहोत हे कोणाला कळलंय का? की आपण बुडालो असं समजून सगळे तोंडापाशी हातावर हात ठेवून उभे आहेत?

मग घरघर सुरू झाली. लांब, पहिल्या खोलीच्या बाजूला. आणि पाण्याचा आवाज.

ठमीचं सगळं अंग ताठ झालं.

परत सोडलं. व्हॉल्व परत उघडला. बिल्ला काढला असेल कोणी. पाहुण्यांना दाखवायचं असेल. पाणी हलायला लागलं होतं, तिच्या पोटाभोवती त्याची ओढ लागत होती. चढतंय की नुसतं हलतंय, अंधारात कसं समजावं? तिने भिंतीवर हात फिरवला. सेंट्रिंगच्या दोन फळ्यांच्या मध्ये सिमेंटची एक बारीक धार राहून गेली होती, आडवी, सगळ्या भिंतीभर. पाणी बरोबर त्या धारेला टेकलेलं. तिने बोट धारेवर ठेवलं आणि वाट बघू लागली. धार बुडाली तर चढतंय.

बोट ओलं होतं. आधीपासूनच ओलं होतं. त्यावरून काही सांगता येत नव्हतं. ती मनातल्या मनात दामूला शिव्या देत राहिली, तू समुद्रात जातोस आणि मला इथे जमिनीत पाणी गाठतंय म्हणून. ठमी तिच्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होती.

बऱ्याच वेळाने बोटाच्या खाली मोकळी भिंत लागली. धार पाण्याच्या वर आली होती. तिने खात्रीसाठी पुन्हा चाचपलं. खाली आणखी एक बोटभर भिंत मोकळी होती.

"उतरतंय," ती म्हणाली. "ठमी, उतरतंय. पंप लावलाय त्यांनी. पानी खेचतायत."

ठमी रडायला लागली होती.

त्यानंतर डोक्यावर खणल्यासारखे आवाज आले. फावड्याचे. मग पहारेचे. झाकणाच्या कडेने उजेडाची एक रेघ पडली, सिमेंटचे तुकडे पाण्यात पडले, आणि झाकण सरकलं. वरून जिव्याचं तोंड दिसलं. त्याच्या अंगाला घामाने रेती चिकटली होती. त्याने बायकोला नावाने हाक मारली नाही. नुसता दोर सोडला.

आधी ठमीला वर घेतलं, मग मंजुळाला. बाहेर इतकं ऊन होतं की काही दिसेना. मंजुळा रेतीवर आडवी पडली. तिचे पाय रक्ताने भरले होते, ते तिला आता दिसले. नवसीने तिच्यावर गोणपाट टाकलं, जमुना ठमीचे तळवे चोळत बसली. मुंबईची गाडी निघून गेली होती.

इंजिनिअर साहेब बाजूला उभे होते. ते पुढे आले आणि ठमीसमोर उकिडवे बसले. इतक्या जवळ त्यांना कामगारांनी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मी हाक मारली होती," ते म्हणाले. "तू ओ का दिली नाहीस?"

ठमीने जिव्याकडे पाहिलं. मग कसंबसं, घशातून खरवडून काढल्यासारखं बोलली. "आयकली मी. मुकादम बोलला, तुला नंबर नाय, साहेब आला तर गप ऱ्हा, हालू नको. दिवा गेला तरी मी गप ऱ्हायली."

तेवढ्यात फाटकाकडून रामकिसन आला. दोन्ही हातांत स्टेशनवरून आणलेले डबे होते. गर्दी पाहून त्याची चाल मंदावली, ठमी दिसली तशी तो जागच्या जागी थांबला. जिव्या उठला. त्याला दोघांनी धरलं नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काम बंद होतं. मंजुळा लंगडत झोपड्यांकडे गेली. ठमी-जिव्याची झोपडी रिकामी होती. चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. शेजारची म्हणाली, उजाडायच्या आत निघाली, बायको रात्रभर उठून उठून दाराबाहेर जात होती. रामकिसनला कंत्राटदाराने दुसऱ्या साईटवर पाठवलं. वामनला मात्र काढून टाकलं, फळा सोडून गेला म्हणून. बाटल्या आणायला कोणी पाठवलं हे विचारलं गेलं नाही. इंजिनिअर साहेब काही दिवस दिसले, मग त्यांची बदली झाली असं ऐकू आलं. जाण्याआधी एकदा ते मंजुळाजवळ थांबले होते. "पाय बरे आहेत ना?" एवढंच म्हणाले. ती हो म्हणाली.

मंजुळा कामावर परत गेली. आठवडाभर विटा वाहिल्या, रेती चाळली. मग एका सकाळी तिला खड्ड्यात उतरायला सांगितलं. भिंतीच्या पायासाठी खणलेला उथळ खड्डा, छातीएवढासुद्धा नाही, वर उघडं आभाळ. ती काठावर उभी राहिली आणि पाय पुढे पडेना. बायका हसतील असं तिला वाटलं, पण कोणी हसलं नाही. तिने घमेलं खाली ठेवलं आणि ती घरी आली. दामू परत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं की आता मी बाजारात बसणार. तो म्हणाला, बस.

ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला लागली. घरी मोरीत अंधार असेल तर तिला पाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून ती दार उघडं ठेवून, बाहेर सासूला बसवून आंघोळ करायची. सासू कुरकुरायची, पण बसायची.

पुढच्या हिवाळ्यात एकदा बाजाराच्या दिवशी पाटी समोर मांडून बसली असताना एक बाई येऊन उभी राहिली. पाठीला पोर बांधलेलं. मंजुळाने आधी ओळखलं नाही. ठमी अंगाने भरली होती.

"वीटभट्टीवर हाय आमी," ठमी म्हणाली. तिचा आवाज अजून घोगराच होता. "उघड्यावर काम हाय. बरं हाय."

"पोर कधी झालं?"

"पावसात. तवा पोटात होतं ना." ठमीने पाठीवरचं पोर सावरलं. "मी कोनालाच बोलली नव्हती. काम नाय देनार म्हनून."

मंजुळाला एकदम त्या घमेल्यांच्या चळतीची डगमग पाठीशी जाणवली, भर बाजारात, उन्हात बसलेली असताना. तिने पाटीची कड धरली. जरा वेळाने बाजूला सरकून गोणपाटावर जागा केली.

ठमी बसली. पोर सोडून मांडीवर घेतलं. मुलगी होती. मंजुळाने मूठभर सुकट कागदात बांधून ठमीच्या पदरात टाकलं आणि पोरीला आपल्याकडे घेतलं. पोरगी वासाने नाक आक्रसून पाटीकडे बघत राहिली, मग तिने हात पुढे केला आणि एक सुका बोंबील पकडला. तो तिच्या हातून काढून घ्यावा असं दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही. भट्टीचा ट्रक येऊन भोंगा वाजवेपर्यंत ठमी तिथेच बसून होती.